घागरीला हात

खाटेवर माणूस पडून असला की घरात सामान मांडायला दुसरी जागा उरत नाही. म्हणून थोरलीनं सगळं नवऱ्याच्या पायांवरच मांडलं. घोंगडी, चादर, कपड्यांचा एक जोड, लहान पातेलं, पाण्याचा डबा, भाजलेल्या पिठाची पिशवी, मिठाची पुडी, चाकू, सुई-दोरा, टाचांना चोळायला मेण. त्या पायांना तसंही ओझ्याचं काही वाटत नव्हतं. कंबरेखाली चिमटा घेतला तरी त्याला कळत नसे, आणि तो स्वतःच अधूनमधून घेऊन बघायचा.

"पातेलं मांडीवर ठेवलंस का?" त्यानं विचारलं.

"ठेवलंय."

"मग बरोबर आहे. मला काहीच कळलं नाही."

असल्या विनोदांना थोरली हसेनाशी झाली होती. सुरुवातीला हसायची, कारण माणूस जिवंत आहे याचंच अप्रूप होतं. आता रोज सकाळी त्याला काखेत हात घालून बसवायचं, भांडं द्यायचं, पुसायचं, कूस बदलायची आणि संध्याकाळी पुन्हा तेच. तिची पाठ अशी भरून यायची की हसायलाही जोर लागे.

नवस त्याचाच होता. मागल्या उन्हाळ्यात विहीर आटली तेव्हा गाळ काढायला तो खाली उतरला आणि पायाखालचा दगड निसटला. फळीवर घालून घरी आणताना त्यानं डोंगरावरच्या देवाला शब्द दिला, "देवा, उठून बसलो तर चालत येईन." देवानं आपला शब्द पाळला. पावसाळा कोरडा गेला, हिवाळा गेला आणि एका सकाळी तिनं काखेत हात घातल्यावर तो खरंच उठून बसला. बसला तो बसलाच. उभं करण्याचं मागायला तो विसरला होता, कारण त्या दिवशी बसणं हीच त्याला फार मोठी गोष्ट वाटली होती. आता देणं देवाचं होतं आणि चालायला घरात एकटी थोरली होती.

ती जाणार होती ती भीतीनं. शब्द पाळला नाही तर दिलेलं बसणंही जाईल, असं तिच्या मनानं घेतलं होतं. आणि जायचं तर आत्ताच जायला हवं होतं. दगड कापायला पाणी लागतं, ते नव्हतं म्हणून खाण बंद होती. खाण सुरू झाली की तिला पुन्हा पाट्या उचलायला जावं लागणार होतं, मग कुठला देव आणि कुठला डोंगर.

"माझा घण घे," नवरा म्हणाला.

"काय?"

"कोपऱ्यातला घण. नवस माझा आणि जाणार तू. देवाला कळायला नको का कोणाकडून आलीस ते? घण बघितला की ओळखेल."

"देवाला काय तुमचा घण ठाऊक आहे?"

"इतकी वर्षं त्याच्याच दगडाला घातलाय. चांगलाच ठाऊक असेल."

तिनं घण आणून त्याच्या पायांवर ठेवला. खाट करकरली.

या सगळ्यात जो प्रश्न होता तो दोघांनीही तोंडातून काढला नव्हता. ती गेल्यावर याला बसवणार कोण?

घरं दोनच होती, खाणीकडच्या माळावर, एकाच अंगणात. थोरल्या भावाचं आणि धाकट्याचं. धाकटा दूर रस्त्याच्या कामावर असे आणि क्वचितच घरी येई. राहिली धाकटी जाऊ. अंगणात मध्ये कमरेएवढी भिंत होती, ती थोरलीनं स्वतः रचली होती. कारण दोन शब्दांचं. नवऱ्याला फळीवरून आणलं तेव्हा थोरली सगळ्यांदेखत ओरडली होती, की पाणी दोघींना लागतं, मग खाली उतरायला आमचाच माणूस का? त्या दिवशी खरं तर धाकटा उतरणार होता, पण तो तापानं फणफणला होता. त्यावर धाकटी म्हणाली, "बरं झालं..." पुढचं काही कोणाला ऐकू आलं नाही, कारण थोरलीनं हातातलं भांडं फेकून मारलं. बरं झालं! माणूस मोडला आणि ही म्हणते बरं झालं! तेव्हापासून दोघींत बोलणं नव्हतं.

बोलणं नव्हतं, पण सकाळ त्यांना चुकत नव्हती. विहिरीत रात्रभर जे काय झिरपे ते उजाडताच ओढून घ्यावं लागे. दोघी एकाच वेळी जायच्या, आळीपाळीनं पोहरा सोडायच्या, घागरी भरायच्या. आणि भरलेली घागर एकट्या बाईच्या डोक्यावर चढत नाही. कमरेपर्यंत येते, तिथून पुढे दुसरं माणूस लागतं. विहिरीवर तिसरं कोणी नसायचं. म्हणून थोरली डोक्यावर चुंबळ ठेवून उभी राहायची, धाकटी खालून हात लावायची, घागर वर जायची. मग थोरली डोक्यावरचं पाणी सांभाळत गुडघ्यात वाकायची आणि एका हातानं धाकटीच्या घागरीला उचल द्यायची. पाणी हिंदकळायचं नाही. एकमेकींच्या तोंडाकडे बघायचं नाही. मग एक भिंतीच्या या बाजूला, दुसरी त्या बाजूला.

*

खाणीच्या फाट्यावर जोडे शिवणारा म्हातारा बसायचा. तो त्या देवाला दोनदा चालत गेला होता आणि हे तो भेटेल त्याला सांगायचा, म्हणून त्याला सगळे 'दोनदा'च म्हणत. थोरलीनं जोडे त्याच्यापुढे टाकले.

"तळ जाड लाव. बाजूनं नरम कर."

"मला शिकवू नकोस. मी दोनदा..."

"ठाऊक आहे. किती जड व्हायला हवं सामान?"

दोनदानं जोड्यात हात घालून तळ चाचपला. "पहिल्यांदा गेलो तेव्हा मी घर घेऊन निघालो होतो. वाटेत एकेक टाकत गेलो. दुसऱ्यांदा गेलो तर माझंच पातेलं एका झोपडीत रटरटताना दिसलं. मागायची लाज वाटली. पाठपिशवी आहे का?"

"पाठीवर गाढव नेतं. मी डोक्यावर नेणार."

"सगळी माणसं पाठीवर नेतात."

"सगळी माणसं पाणी भरतात का?"

तो हसला आणि दातांत दोरा धरून टोचत बसला. जोडे देताना म्हणाला, "निघायच्या आधी एकदा ओझ्यासकट चालून बघ. घरात सगळंच हलकं वाटतं."

चालून बघायला थोरलीची तयारी होती. ओझ्याला ती भीत नव्हती. आयुष्यभर भरली घागर वाहिलेल्या बाईला गाठोड्याचं काय कौतुक! तिनं घोंगडीत सगळं बांधलं, घण मधोमध ठेवला म्हणजे तोल जाणार नाही. गाठोडं ओढत ओढत भिंतीवर चढवलं, खाली वाकली, डोकं घातलं आणि उभी राहिली. भरल्या घागरीएवढंच होतं. ती समाधानानं निघाली.

ऊन वर आलं होतं. बंद खाणीची वाट पांढऱ्या धुरळ्याची, पाऊल टाकलं की फुस्स करून उडणारी. मान सरळ, एक हात मोकळा, पाय आपोआप चालत होते. असंच देवापर्यंत जाता येईल असं तिला वाटलं आणि खूप दिवसांनी तिला बरं वाटलं. जुन्या कड्याजवळ नव्या जोड्यात खडा गेला. तिनं मान कलती करून गाठोडं खाली सोडलं, खडा काढला, जोडा घातला आणि चुंबळ नीट करून उभी राहिली.

कोणी तरी हात लावील म्हणून ती उभी राहिली होती. हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिथे कोणी नव्हतं. एक सरडा होता. तिनं गाठोडं मांडीपर्यंत उचललं, मांडीवरून पोटाशी घेतलं, छातीपर्यंत आणलं आणि तिथून ते परत खाली गेलं. पुन्हा उचललं. या वेळी ती गाठोड्यासकट धुरळ्यात बसली. गुडघे टेकून, डोकं खाली घालून, गाठोडं मानेवर लोटायचा प्रयत्न केला तेव्हा चुंबळ घरंगळत उतारावर गेली आणि तिला तिच्यामागे धावावं लागलं. उंच दगड जवळ नव्हता. होते ते सगळे तिनंच कधी तरी पाटीत भरून गाडीत टाकले होते.

चालायला किती जड आहे हे तिनं बघितलं होतं. उचलायला किती जड आहे हे बघायचं तिला सुचलंच नव्हतं. सुचणार कसं? उचलून द्यायला माणूस असतोच, हे तिला श्वासाइतकं ठाऊक होतं. ज्या माणसाशी ती वर्षभर बोलली नव्हती ते माणूसही रोज सकाळी असायचंच.

ती रडली. मग गाठ सोडली, अर्धं सामान तिथेच ठेवलं आणि अर्धं घेऊन घरी आली. परत गेली आणि घण कडेवर घेऊन दुसऱ्या खेपेला आली. भिंतीपलीकडे धाकटी सरपण फोडत होती. तिनं दोन्ही खेपा बघितल्या. कुऱ्हाड क्षणभर वर थांबली आणि पुन्हा खाली आली.

*

"घण राहिला," थोरली नवऱ्याला म्हणाली.

"का?"

"उचलत नाही."

"रोज मला उचलतेस. घण माझ्यापेक्षा जड आहे?"

"तुम्ही निम्मे आपले आपण उचलता. घण नाही उचलत."

त्याला लागलं होतं. भिंतीकडे तोंड करायचं तर तेही तिला सांगून करवून घ्यावं लागणार, म्हणून तो छताकडे बघत राहिला. थोरलीला त्याची कीव आली आणि त्या कीवेचा रागही आला. तिनं घण उंबऱ्यावर आपटून आपटून त्याचं लोखंडी डोकं सोडवलं आणि नुसता दांडा त्याच्या हातात दिला. मुठीच्या जागी लाकूड त्याच्या तळव्यानं झिजून गुळगुळीत झालं होतं.

"हा नेते. काठी होईल."

"आखूड आहे."

"मीही आखूडच आहे."

त्यानं दांड्यावरून अंगठा फिरवला. "ओळखेल," तो म्हणाला.

मग सामान निवडायला ती पुन्हा बसली. आता कसोटी एकच, जमिनीवरून उचलायचं, एकटीनं, दमलेलं असताना. पातेलं गेलं, पीठ पाण्यात कालवून खाता येतं. चादर गेली. कपड्यांचा जोड अंगावर एकावर एक घालायचा. शेवटी घोंगडी हातात घेऊन ती बराच वेळ बसली. डोंगरावर गारठा असतो असं म्हातारा 'दोनदा' म्हणाला होता. घोंगडी आत ठेवून गाठोडं उचललं तर चढलं, पण तिसऱ्यांदा चढेना. तिनं घोंगडी काढून दाराआड टांगली. जुन्या पोत्यात उरलेलं बांधलं. झालं एवढंसं.

आणि मग दुसरं बांधायला घेतलं, खाटेवरच्या माणसासाठी. कारण धाकटीला विचारायचं नाही हे दोघांचं ठरलेलं होतं.

"तुम्ही विचारा," ती म्हणाली होती.

"मी? माझं भांडं उचल म्हणून मी भावजयीला सांगू? त्यापेक्षा मेलेलं बरं. तू विचार."

"बरं झालं म्हणणारीला मी नाही विचारणार."

तेव्हा छताच्या वाशाला दोर बांधला, धरून उठायला. उशाशी पाण्याचे डबे, एकामागे एक. भाजलेलं पीठ. वाटी. चिंध्यांचा ढीग. खाटेची सुंभं कापून मधोमध भोक केलं, खाली बादली ठेवली. इतके दिवस पाणी टिकेल का, बादली कोण ओतणार, हे ती मोठ्यानं बोलली नाही. जाणाऱ्यापेक्षा राहणाऱ्याचंच सामान जास्त झालं.

"बघा बरं करून," ती म्हणाली.

त्यानं दोर धरला. दंड अजून घण मारणाऱ्याचे होते. तो उठला, अर्धा बसला, डबा घ्यायला एक हात सोडला आणि गर्रकन फिरून खाली आला. डबे त्याच्याबरोबर आले. पाणी जमिनीवर पसरलं, आणि त्या दुष्काळात दोघंही आधी पाण्याकडेच बघत राहिले. मग थोरलीनं त्याला काखेत धरून वर ओढलं. दोघांची धाप एकमेकांच्या तोंडावर येत होती.

"नको जाऊस," तो म्हणाला. पहिल्यांदाच म्हणाला. "देवाला म्हणावं, परत घे दिलेलं. मी आडवा राहीन."

"पुरे."

"खरंच सांगतोय."

"पुरे म्हटलं ना!" ती ओरडली. भिंतीपलीकडे ऐकू गेलं असणार. जाऊ दे गेलं तर, असं म्हणत तिनं चिंध्यांनी पाणी टिपून घेतलं आणि बादलीत पिळलं.

*

उजाडता उजाडता ती विहिरीवर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. आज धाकटीला विचारायचं, नाही तर राहिलंच. वाटेनं तिनं वाक्य जुळवलं होतं. 'आमच्याकडे जरा बघशील का?' एवढंच. भीक मागितल्यासारखं होऊ द्यायचं नाही.

धाकटी पोहरा ओढत होती. दोर तिच्या तळहातातून सरकण्याचा आवाज, आणि खाली गढूळ पाण्याचा. पोहरा अर्धाच येत होता. थोरलीनं ओढला. पुन्हा धाकटीनं. घागरी भरल्या. थोरलीनं चुंबळ ठेवली. धाकटी वाकली, घागरीला हात घातला, कमरेपर्यंत आणली.

आणि तिथेच थांबली.

"उद्या कोण लावणार हात?" धाकटी म्हणाली.

थोरलीला वाटलं आपल्याला भास झाला. घागर दोघींच्या मध्ये, चार हातांत धरलेली.

"काय?"

"तुम्ही चाललात देवाला. मला कोणी विचारलं? माझी घागर कोण चढवणार?" वर्षभर न वापरलेला आवाज फाटका येत होता. "तुम्ही नवस बोलायचे, तुम्ही जायचं. मी इथे विहिरीवर उभी राहून कोणाला हाक मारू? बेडकाला?"

"अर्धी भर," थोरली म्हणाली. "अर्धी एकटीला चढते."

"अर्धीत कसं भागेल? आता दोन घरांना पुरायला हवं ना!"

एवढं बोलून धाकटीनं घागर वर ढकलली. थोरलीच्या डोक्यावर ओझं बसलं, म्हणून तिला मान हलवता आली नाही, तोंड लपवता आलं नाही. डोळ्यांतून पाणी आलं ते तसंच आलं. ती गुडघ्यात वाकली आणि धाकटीच्या घागरीला हात लावला. तिच्या घागरीतलं पाणी आयुष्यात पहिल्यांदा हिंदकळलं आणि दोघींच्या अंगावर सांडलं.

"सांडलंत," धाकटी म्हणाली.

"तू बोललीस म्हणून."

दोघी चालू लागल्या. वाट अरुंद होती, एकीमागे एक.

"त्यांना लाज वाटेल," थोरली पुढून म्हणाली. "भांड्याची वगैरे."

"मलाही वाटेल. वाटू दे."

मग थोरलीनं विचारलं, मागे न बघता, "त्या दिवशी तू बरं झालं म्हणालीस."

"हो."

"पुढे काय म्हणणार होतीस?"

धाकटी चालत राहिली. "भांडं कपाळाला लागलं माझ्या. आता आठवत नाही."

ते खरं होतं की नाही कोणास ठाऊक. थोरलीनं पुन्हा विचारलं नाही. भिंतीपाशी दोघी आपापल्या बाजूला गेल्या.

*

निघायच्या दिवशी नवऱ्यानं फार बोलायचं नाही असं ठरवलेलं दिसत होतं. "खडा गेला तर लगेच काढ," एवढंच म्हणाला. थोरलीनं त्याला बसवलं, पुसलं, उशी लावली, दोराचं टोक उगीच त्याच्या हाताशी आणून ठेवलं. दांडा काखेत मारला, गाठोडं अंगणात आणलं आणि जमिनीवर ठेवलं.

आता ते तिला एकटीला उचलता येत होतं. तिनं अनेकदा उचलून बघितलं होतं. पण ती चुंबळ डोक्यावर ठेवून नुसतीच उभी राहिली.

धाकटी भिंतीवरून पाय टाकून या बाजूला आली. वाकली, गाठोडं हातात घेतलं आणि तोंड वाकडं केलं. "एवढंच? घोंगडी कुठाय?"

"नको. मग एकटीला चढत नाही."

धाकटी आत गेली. दाराआडची घोंगडी घेऊन आली, गाठोड्याला गुंडाळून करकचून बांधली आणि सगळं मिळून थोरलीच्या डोक्यावर चढवलं. आतून नवरा ओरडला, "काय चाललंय?"

"वाटेत उतरवलं तर मला कोण चढवून देणार?" थोरली म्हणाली.

"मग उतरवूच नका."

"जन्मभर डोक्यावर ठेवू?"

"गारठ्यानं मरण्यापेक्षा बरं. नाही तर हाक मारा कोणाला तरी. तुम्हाला हाक मारायला जड जातं, ठाऊक आहे मला. पण मारा." धाकटीनं चुंबळ एका बोटानं सरळ केली. "जा आता. ऊन होईल."

थोरली निघाली. जोडे नवे, धुरळा जुना. जुन्या कड्याच्या वळणावर ती थांबली. डोक्यावर ओझं असताना मान फिरवता येत नाही, म्हणून ती अख्खी वळली.

खाली विहिरीवर धाकटी होती. तिनं अर्धी घागर भरली होती. ती मांडीवर घेतली, कमरेवर घेतली, वाकडी होत कशीबशी डोक्यावर चढवली आणि वाटेला लागली. अंगणात आल्यावर ती आपल्या दाराकडे गेली नाही. कमरेएवढ्या भिंतीला वळसा घालून आधी थोरलीच्या दारात गेली, उंबऱ्याशी थांबली, काही तरी बोलली आणि वाकून आत शिरली.

ती बाहेर यायला बराच वेळ लागला. थोरली उन्हात उभी राहून वाट बघत होती, मान दुखेपर्यंत. मग धाकटी बाहेर आली. हातात झाकलेलं भांडं होतं. ते तिनं मागे नेऊन ओतलं, राखेनं घासलं, पायरीवर उपडं ठेवलं, रिकामी घागर उचलली आणि दुसऱ्या खेपेला विहिरीकडे निघाली.

थोरलीनं पाठ फिरवली. ओझं उतरवायचं नव्हतं, म्हणून ती दम लागेपर्यंत चालत राहिली.